राहनाळच्या गच्चीवरचा डबा

१६ जुलै २००७, सोमवार
राहनाळचा रेडिओ पुन्हा मेला. जूनपासून तिसरा. लोक विचारतात, रेडिओवर गाणी लागतात का? नाही लागत. रेडिओ म्हणजे गच्चीवरच्या खांबाला बांधलेला पांढरा डबा, आमच्या ऑफिसातून हवेतून आलेलं इंटरनेट झेलून खाली गोडाऊनला देतो. देतो म्हणजे द्यायला हवं.
गोडाऊनमालक काथोडदादांच्या गच्चीवर चढून डबा उतरवला. नारळ घेताना हलवून बघतात तसा कानाशी हलवला. पाणी वाजलं! खोक्यावर लिहिलंय, सर्व ऋतूंत चालणारा. हे ऋतू भिवंडीचे नसावेत.
खाली गोडाऊनचे मॅनेजर मिश्राजी वाटच बघत होते. "मास्टरजी, ये इंटरनेट है कि दामाद? आता है, दो दिन रुकता है, चला जाता है." (वडील शिक्षक होते म्हणून अख्खी भिवंडी मला मास्तर म्हणते. मी आयुष्यात एक तास शिकवला नाही.) मग गंभीर झाले. पंधरा ऑगस्टपर्यंत सुधारलं नाही तर टेलिफोनवाल्यांची लाइन घेणार. त्यांच्यामागून आजूबाजूची सहा गोडाऊनंही जातील. मग आमच्याकडे उरतील दोन सायबर कॅफे आणि मी.
विलासला फोन केला. म्हणाला, "पाऊस आहे, होतंच." पाऊस शेलारलाही आहे. तिथला रेडिओ दीड वर्ष ठणठणीत.
भागीदार आहे तो माझा. आठ वर्षं. आधी केबल टीव्ही, आता हे. माल आणायचं काम त्याचं, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझं, म्हणजे शिव्या खायचं.
तिन्ही रेडिओ त्यानेच आणले. एवढंच लिहून ठेवतो.

१८ जुलै, बुधवार
विलास मेलेला डबा घेऊन दुकानदाराकडे गेला. वॉरंटीत बदलून आणतो म्हणाला. देण्याआधी मी घरी झाकण उघडलं, पाणी ओतून दिलं आणि आतल्या कोपऱ्यात सौ.च्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका ठेवला. ठेवून झाकण लावलं.
सौ. : "मला आठ वर्षांत कधी लावून दिलं नाहीत. डब्याला लावताय."
कारण सांगितलं. ती हसायची थांबली. "विलासभाऊजींवर?" म्हणाली. मी म्हटलं, कुणावर नाही, डब्यावर. तिने बाटली हातातून काढून घेतली.
डब्याची कारागिरी मात्र मानली. बुडाला एक काळं, घट्ट बूच. विलायती रबर असावं. असं असून पाणी जातं कुठून?

२१ जुलै, शनिवार
नवा रेडिओ आला. विलास थेट राहनाळला खोकं घेऊन हजर. मी म्हटलं जरा उघडून बघू, तर म्हणतो, "मिश्रा डोक्यावर बसलाय, आधी चढव." खोक्याची चिकटपट्टी दुहेरी. एक कारखान्याची, दुसरी स्टेशनरीच्या दुकानातली. मी पट्टीकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. दोघेही पावसाबद्दल बोललो.
वर चढवताना लक्षात आलं, याच्या बुडाला बूच नाही. नुसतं भोक, माचिसच्या काडीएवढं. म्हणजे माल आणखी हलका! विलास खाली केबल ओढत होता. ऐकू जाऊ नये म्हणून काथोडदादांनाच बोललो, "बघा दादा, बूचसुद्धा नाही ठेवलं याला. असला माल."
दादांनी भोकाकडे बघून च्यक् केलं. "मास्तर, तुमी जा. मी हाय ना."
साठीचे आगरी गृहस्थ, पूर्वी खाडीत यांच्या बापाच्या होड्या होत्या, आता जमिनीवर गोडाऊनं आहेत. भाडं घेतात ते घेतात, वर चहाही पाजतात. शेवटी जगात काथोडदादा आहेत म्हणून बरं.

२६ जुलै
पाच दिवस चालू. मिश्राजी मला बघून हसले. शंका अशी गोष्ट आहे की चाललं तरी वाटतं, का चाललं?
विलासने हल्ली ऑफिसात मोबाइल बाहेर जाऊन घ्यायला सुरुवात केली आहे. पूर्वी कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढलेला माणूस, ओरडून बोलायचा. आता कुजबुजतो. दोनदा "पंखा मारून सुकवा" असं ऐकलं. काय सुकवा?

१ ऑगस्ट, बुधवार
मेला. अकराव्या दिवशी.
डबा ऑफिसात आणून टेबलावर उघडला. ओंजळभर पाणी. आणि कोपऱ्यात लाल ठिपका.
विलास समोर बसून वडापाव खात होता. मी डबा त्याच्यापुढे सरकवला. "हा नवा? हे सौ.चं नेलपॉलिश. अठरा तारखेला मी लावलंय."
त्याने घास गिळला. वडापाव कागदात परत गुंडाळला, नीट, चारी कोपरे दुमडून. मग म्हणाला :
"दुकानदार म्हणतो, पाणी गेलेलं वॉरंटीत बसत नाही. तिन्ही वेळा तेच म्हणाला. मी वंजारपट्टीच्या टीव्हीवाल्याकडून सुकवून घेतला, दोन पार्ट बदलले, खोक्यात घालून आणला. आधीचे दोन्ही तसेच."
"मला सांगितलं का नाहीस?"
"सांगितलं असतं तर काय केलं असतंस? पंधरा दिवस माझ्यावर विनोद. मिश्रासमोर, काथोडदादासमोर, माझ्या पोरांसमोर. तुला गंमत वाटते मास्तर, ऐकणाऱ्याला घाम फुटतो."
मी म्हणालो (हे लिहायलाच हवं) : "आणि दुकानदाराने तुला काय कमिशन दिलं, टीव्हीवाल्याकडे जाण्याबद्दल?"
तो उठला. खिशातून गच्च्यांच्या चाव्यांचा जुडगा काढून पाण्याच्या डबक्याशेजारी ठेवला. "शेलारचा नवाच आहे. तो मी उघडलेला नाही. तुझा विश्वास बसणार नाही, तरी सांगून ठेवतो."
गेला. वडापाव टेबलावरच.

२ ऑगस्ट, गुरुवार
सकाळी ऑफिस उघडून डबा पुसायला घेतला. बुडाला काळं बूच.
थांबलो. एकवीस तारखेला नव्हतं. मी स्वतः काथोडदादांना दाखवलं होतं, नाही म्हणून!
नखाने खरवडलं. रबर नाही. डांबर.
तसाच राहनाळला गेलो. दादा अंगणात खाटेवर. डबा पुढे धरला.
"हे तुम्ही लावलंत?"
"मंग कोन लावनार? गच्चीला दरसाल मिरगाआधी डांबर मारतंय मी. उरला तो तुमच्या डब्याला लावला. तुमी दर टायमाला नवा आनता, त्याला परत भोक. मी परत लावतंय."
"दादा, भोक मुद्दाम ठेवलेलं असतं."
"मुद्दाम?" त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं. "होरीला भोक दिसला तं डांबर लावतों का नाय? भोक ठेवून कोन पान्यात सोडतो? आनि तुमीच बोललाव ना त्या दिवशी, बूच नाय म्हनून!"
बोललो होतो. आणि त्यांनाच.
घरी येऊन माहितीपुस्तिका काढली. चौदा भाषांत आहे, त्यांत मराठी नाही. इंग्रजी मी दोन वर्षांत पहिल्यांदा वाचली. वायरीच्या तोंडातून ओल आत येतेच, उन्हात तिची वाफ होते, गार झालं की पाणी होतं, ते बुडाच्या भोकातून गळून जातं. म्हणून भोक उघडं ठेवा. पान तिसरं. होडीला पाणी आत येऊ द्यायचं नसतं, डब्याचं आतलं बाहेर सोडायचं असतं. काथोडदादा आपल्या विद्येप्रमाणे बरोबर होते, मी माझ्या विद्येप्रमाणे मास्तर होतो.
म्हणजे रेडिओ विलासच्या दुरुस्तीने मेले नाहीत. पण दुरुस्त केलेले नवे म्हणून दिले, हे तर खरं? खरं. मग मी चुकलो की नाही? अर्धा. कुठला अर्धा, ते ठरत नाही.

४ ऑगस्ट, शनिवार
लॅमिंग्टन रोडला स्वतः गेलो. दुकानदाराला सहज विचारलं, विलास येतो का? "तुमचे भागीदार? भांडखोर माणूस हो! तीनदा वॉरंटीवरून दुकान डोक्यावर घेतलं." बदलून एकही देणार नाही म्हणाला. विलास खरं बोलला होता, किंवा दोघांनी मिळून हे वाक्य आधी ठरवलं होतं. हे मनात आलं. आलं म्हणून लिहिलं.
नवा रेडिओ घेतला, राहनाळला चढवला, भोक उघडं. दादांना हात जोडून सांगितलं. "बरा," म्हणाले. डांबराचा डबा तरी मी त्यांच्या देखत खाली आणला.
सौ. म्हणते, विलासभाऊजींच्या घरी जाऊन या. मी म्हटलं, काय सांगू, डांबर सापडलं? ती म्हणते, "डांबराचं नका सांगू. कमिशनचं जे बोललात त्याचं सांगा."
संध्याकाळी त्यांच्या इमारतीपर्यंत गेलो. खालच्या टपरीवर पान खाल्लं. मी पान खात नाही.

१५ ऑगस्ट, बुधवार
गोडाऊनच्या आवारात झेंडावंदन. अकरा दिवस सलग चालू आहे. मिश्राजींनी जिलबी दिली, आमचीच लाइन ठेवणार म्हणाले. "और विलासभाई नहीं आए?"
म्हटलं, काम है.
"उन्हीं का तो काम है," मिश्राजी म्हणाले. "पिछले महीने दो बार अपनी मोटरसाइकिल पे अकेले आए थे, बारिश में. बोले, मास्टर को मत बताना, डब्बा देखने आया हूँ."
जिलबी फार गोड होती. अर्धी ठेवली.

२० ऑगस्ट, सोमवार
काथोडदादा विलासच्या घरी जाऊन आले. मला न सांगता, डांबरासारखंच.
"सगला सांगला त्याला. माझा हात, माझा डांबर. मास्तरचा काय नाय त्याच्यात."
"काय म्हणाला?"
"हसला. मंग बोलला, डांबराचा मना राग नाय दादा. चहा पाजला. तुमी जा की एकदा."
फोन लावला. वाजून बंद झाला. पुन्हा लावायला हवा होता.

२५ ऑगस्ट, शनिवार
शेलारचा मेला.
दीड वर्ष ठणठणीत असलेला. तिथे काथोडदादा नाहीत, डांबर नाही. गच्चीवरून उतरवला, हलवला. आवाज नाही. बुडाचं भोक स्वच्छ, आत फुंकर घातली तर आरपार गेली. पाणी नाहीच.
पाण्याने नाही तर कशाने? वीज ये-जा करते, त्याने असेल. काल वीज कडाडली, तिने असेल. दीड वर्ष म्हणजे आयुष्य संपलं असेल. किंवा आत वंजारपट्टीच्या टीव्हीवाल्याचं झाळकाम असेल. तसं असलं तर "शेलारचा नवाच आहे" हे खोटं, आणि मग बाकीचंही. नसलं तर मी आठ वर्षांच्या भागीदाराला चोर म्हणालो.
उत्तर चार स्क्रूंच्या आत. गच्चीवरच पाना-पेचकस घेऊन बसलो.
मग फोन केला. या वेळी उचलला.
"शेलारचा गेला," मी म्हणालो.
मागे लूमचा आवाज. भावाच्या कारखान्यात असावा.
"आत पाणी आहे का?"
"हलवून बघितला. कोरडा वाटतो."
मग ओरडून, लूमवरून आवाज चढवून, जुन्या सवयीने : "मास्तर, उघडू नको. मी निघतोय. दोघं मिळून उघडू. तू बघ, मी पण बघतो."
"बरं," म्हटलं.
"उघडला नाहीस ना?"
"नाही."
फोन ठेवला. दोन स्क्रू माझ्या मुठीत होते. घामाने ओले. परत बसवायला घेतले. जिन्याकडे कान ठेवून.