सगळ्या फोटोंत सांडू

२ नोव्हेंबर १९८९
महिनाअखेरीला आमच्या फोटो मंडळाचं प्रदर्शन. विषय : प्रवासात भेटलेली कामकरी माणसं. बक्षीस माझंच. बाकीचे नुसता माणूस बघतात, मी त्याच्या मागचं बघतो. डोक्यातून विजेचा खांब उगवलेला माणूस माझ्या फोटोत सापडणार नाही.

५ नोव्हेंबर, रविवार
बिडकीन. सरूबाई नावाची बाई बाजरी पाखडत होती. मागं सायकली, म्हशी, सिनेमाची पोस्टरं. उपाय सोपा : खाली बसायचं आणि मागं नुसतं आभाळ घ्यायचं. बसलो. उठायला जरा वेळ लागला. लोक ओरडले, साहेबाला घेरी आली. घेरी नव्हती, लो अँगल होता. डायबेटिसची गोळी घेतली होती, नाश्ता तेवढा टाळला. रिकाम्या पोटी नजर तीक्ष्ण राहते.

घरी सांगितलं नाही. पण बिडकीनहून कुणीतरी आधीच येऊन सांगून गेलं होतं. मनकर्णानं न मागता तीनदा भाकरी वाढली. बायको न मागता वाढायला लागली की काहीतरी शिजत असतं.

१२ नोव्हेंबर, रविवार
पैठण रोडला एक लोहार. दाराशी बसवला, मागं खोलीतला काळाभोर अंधार. बॅकग्राउंड एकदम साफ. घाम खूप आला. भट्टीमुळं.

१५ नोव्हेंबर
शहागंजातल्या लॅबमधून रोल आणला. लोहाराच्या मागच्या अंधारात दुसरं एक तोंड! सांडू. आमच्या ऑफिसातला, माझ्या शेजारच्या टेबलाचा. काखेत पिशवी. लॅबवाल्या हनीफभाईंना विचारलं, दुसऱ्याची निगेटिव्ह मिसळली काय. ते म्हणाले, साब, निगेटिव में जो है वोइच आता, हम काय को आदमी घुसेडेंगे?
त्यांच्यावरही लक्ष ठेवायला हवं.

१६ नोव्हेंबर
सांडूला विचारलं, रविवारी कुठं होतास? म्हणाला, आत्याकडं. आणि लगेच फाइलीत डोकं घातलं. लक्षात आलं. हा माझ्या जागा चोरतोय. पिशवीत कॅमेरा असणार. ऑफिसात मोठ्यानं जाहीर केलं, येत्या रविवारी पुन्हा बिडकीन. दौलताबादचा खरा बेत फक्त घरी सांगितला.

१९ नोव्हेंबर, रविवार. दौलताबाद, सकाळी १०
केरबा धनगर मेंढरं कातरतोय. मागं किल्ला, सहलीची बस, पेरूवाले. त्याला आठ वेळा जागा बदलायला लावली. तो म्हणाला, साहेब, मेंढरू कट्टाळलं, म्या बी. शेवटी अ‍ॅपर्चर पूर्ण उघडलं. आता मागचं सगळं धूसर होणार.
व्ह्यूफाइंडरमध्ये चिंचेखाली सांडू!
त्याला दौलताबाद कुणी सांगितलं? घरात कुणीतरी फितूर आहे. घरात आम्ही दोघंच असतो.

२० नोव्हेंबर
रजा. पडून आहे. काल नेमकं काय झालं ते मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडात गूळ आणि डोकं सांडूच्या मांडीवर. त्याची पिशवी उघडी होती. गूळ, ग्लुकोजची बिस्किटं, मनकर्णाच्या हातच्या दशम्या. कॅमेरा नव्हता. नीट बघितलं.

सांडूनं कबूल केलं. बिडकीननंतर वहिनी त्याच्या घरी जाऊन रडल्या. त्यांना कळू देऊ नका, पण नजरेआड होऊ देऊ नका, म्हणाल्या. म्हणून तो जवळपास राहायचा. फोटोत कुठवर येतं हे त्याला कळत नाही.

मनकर्णाला जाब विचारला. ती म्हणाली, जाऊ नका म्हटलं असतं तर तुम्ही लई ऐकलं असतं, व्हय ना? फार रागावलो आहे. दोनदा जेवलो.

२४ नोव्हेंबर
रोल आला. केरबा कुठं पाठमोरा, कुठं जांभई देताना. शेवटचा फोटो मी पडताना बटण दाबलं गेलं त्याचा. बोटानं फोकसची रिंगही फिरली असणार. केरबा धूसर, मेंढरू धूसर. मागं सांडू मात्र लख्ख. धावत येतोय, आ वासलेला, एक चप्पल निघालेली, हातात गुळाचा खडा. हनीफभाईंनी न सांगता मोठी प्रिंट काढून ठेवली होती. म्हणाले, साब, ये फोटो हुआ.
हा फोटो पाठवणार नाही.

३० नोव्हेंबर
मनकर्णानं पाठवला. दुसरं बक्षीस. मंडळाच्या तात्यासाहेबांनी विचारलं, पुढचं धूसर ठेवून मागचा माणूस इतका नेमका कसा धरला? सांगितलं, वर्षानुवर्षांची साधना.

गर्दी सगळी सांडूभोवती. मला कुणी विचारेना. एकानं कॅमेरा काढला, सांडूला त्याच्या फोटोशेजारी उभं केलं आणि मला म्हणाला, काका, बाजूला व्हा, मागं तुम्ही येताय.
सांडू म्हणाला, राहू द्या त्यांना. सकाळपासून काय खाल्लं नाय त्यांनी, दिसत राहिलेले बरे.
मी हललो नाही. फ्लॅशला डोळे मिटले बहुतेक.