रुंद चित्राचं बटण

१ फेब्रुवारी २००४, इबादान
कॅमेरा आला. मेव्हण्याने दुबईहून आणला. डिजिटल, मुठीत मावतो. त्यावर एक बटण आहे, वाइडस्क्रीनचं. दाबलं की सिनेमासारखं रुंद चित्र. अख्ख्या मोकोला भागात हे बटण फक्त माझ्याकडे.
संकल्प: यापुढे माझ्या ग्बादेबो व्हिडिओ स्टुडिओमधून चौकोनी चित्र बाहेर पडणार नाही. जुना कॅमेरा वासिऊला देऊन टाकला. चौदा वर्षं माझ्या शूटिंगला दिवा धरून उभा राहतोय. त्याच्या घरी पोरांना खेळायला होईल.

३ फेब्रुवारी
ट्रायल. बायकोने, मोरेनिकेने, अंगणात माझं शूटिंग केलं. घरच्या टीव्हीवर लावलं आणि बघतच राहिलो. उंच, सडपातळ, गालांची हाडं वर आलेली. रोज स्टुडिओचे दोन जिने चढतो, त्याचा परिणाम.
मोरेनिकेचं म्हणणं, टीव्हीत सगळंच लांबट दिसतंय, कुत्रासुद्धा. कुत्रा मुळातच लांब आहे. आठव्या महिन्यात बायकांना काहीही दिसतं.

५ फेब्रुवारी
वासिऊनेही तेच रडगाणं लावलं. म्हणे रुंद चित्राला रुंद टीव्ही लागतो, आपल्याकडच्या टीव्हीवर ते दोन्ही बाजूंनी दाबलं जातं आणि माणसं काटकुळी दिसतात. मी सांगितलं, मागे पडलेत ते टीव्ही, कॅमेरा नव्हे. दोन वर्षांत घरोघरी रुंद टीव्ही येतील आणि तेव्हा लोक माझं नाव काढतील.

९ फेब्रुवारी
बाळाच्या नामकरणासाठी लेसचा सदरा शिवायला टाकला. शिंपी मोजपट्टी घेऊन अंगाशी आला. लांबूनच सांगितलं, जुन्या मापातून चार इंच कमी कर. तो हसला. कारण कळलं नाही.
अमालाचा पिठाचा गोळा फक्त दुपारी खायचा, हेही ठरवलं होतं. आज संध्याकाळी अपवाद.

१२ फेब्रुवारी
मोठं काम! ग्बागी बाजारातल्या कापडवाल्या अल्हाजा सिदिकात यांची साठी. अल्हाजा बसल्या की दोन खुर्च्या लागतात, आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान आहे. बहीण लांब मैदुगुरीला असते, गुडघ्यांमुळे तिला प्रवास झेपत नाही. टेप तिच्यासाठी. मी किती सुखात आहे ते तिला दिसलं पाहिजे, म्हणाल्या. काम आवडलं तर बाजारातल्या सगळ्या कापडवाल्यांचे वर्षभराचे समारंभ माझे.

२८ फेब्रुवारी, शनिवार
पार्टी झाली. सुरू होण्याआधी वासिऊने मला बाजूला घेतलं. "ओगा, मालक, पाया पडतो, आजचा दिवस ते बटण बंद ठेवा."
मी सगळ्यांदेखत त्याला सांगितलं, तू दिवा धर आणि तोंड बंद ठेव. त्याने पाच तास दिवा धरला. एक शब्द बोलला नाही. समज आली म्हणायची.
अल्हाजा अशा नाचल्या की मांडवाचे खांब हलले. एकही क्षण सोडला नाही.

४ मार्च
टेप अल्हाजांकडे पोचवली. त्यांनी ती न बघताच मैदुगुरीच्या बसमध्ये दिली. सोबत चिठ्ठी: उत्तम आस्वादासाठी रुंद टीव्ही घ्यावा.

१४ मार्च
विश्वासघात. दुसरा शब्द नाही.
मैदुगुरीला टेप लागली आणि बहिणीने हंबरडा फोडला. साठीत बहीण अशी वाळलेली, म्हणजे काही खरं नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी दोन दिवस बसचा प्रवास, पिशवीत काढ्याच्या आठ बाटल्या. ग्बागीत उतरली तर अल्हाजा दुकानात होत्या तशाच, दोन खुर्च्यांवर. दोघी गळ्यात पडून रडल्या म्हणे. आणि मग अल्हाजा माझ्या दारात.
"साठ वर्षं खाऊनपिऊन हे अंग कमावलं मी. एका टेपमध्ये मला मरणाला टेकवलंस, ग्बादेबो."
मी म्हटलं, तुम्ही त्यात तरुण दिसता. हे बोलायला नको होतं.
खरा घाव पुढेच. काल अल्हाजांनी तेच कपडे घालून अंगणात पुन्हा नाच केला, या वेळी बहिणीबरोबर. शूटिंग वासिऊचं. माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर, चौकोनी. बाजारातली वर्षभराची कामंही त्यालाच.
माझा कॅमेरा, माझा माणूस, माझ्या अल्हाजा. फार लागलं मनाला. त्या बटणाचं असं होणार हे त्याला ठाऊक होतं, तर एका शब्दाने सावध करायला काय झालं होतं?

२२ मार्च
मुलगा झाला. वासिऊला कळवायचं नाही.

२९ मार्च
नामकरण. सदऱ्याची तीन बटणं लागली, दोन राहिली. शिंप्याने कापडात मारलं.
कॅमेरा घेऊन बाहेर आलो तर दारात वासिऊ, जुना कॅमेरा खांद्यावर. मोरेनिकेने बोलावलेला. माझी बायको! वर मलाच म्हणते, "अहो, माझ्या बाळाचं तोंड मला गोल हवंय. तुमचं शूटिंग नंतर करा."
माझा कॅमेरा मी पेटीत ठेवला.

३ एप्रिल
वासिऊची टेप बघितली. चित्र बरं आहे, यापलीकडे काही बोलणार नाही. बाळ गोल.
पण जिकडेतिकडे एक जाडा माणूस. सदऱ्याची दोन बटणं उघडी, पाण्याच्या पिंपाशी तोंड पाडून उभा, सारखा मोइमोइ खातोय. मोरेनिकेला विचारलं, हा पाहुणा कुणाकडचा? तिला वाटलं मी गंमत करतोय. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीच आहात ते."
टेप मागे नेली. एके ठिकाणी त्या माणसाच्या हातात बाळ आहे. आपल्याकडे कुणाचं लक्ष नाही असं समजून तो रडतोय. वासिऊने ते बराच वेळ घेतलंय, कॅमेरा जरासुद्धा हललेला नाही. चौदा वर्षं मी दुसऱ्यांचं शूटिंग केलं, माझं असं कुणी केलं नव्हतं.
वासिऊला फोन लावला. उद्या कुठे काम आहे विचारलं. ग्बागीत, म्हणाला. मी विचारलं, दिवा धरायला कुणी आहे का?
"आहे, ओगा."
मग मी उगाच शिंप्याचा नंबर विचारला आणि फोन ठेवला.