नंबरपॅडवरचे सहा आणि नऊ

आबा,

तुमचा कीबोर्ड माळ्यावरून खाली काढला. तुम्ही गेल्यावर आईने तो जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला होता. घणसोली गावातली भाड्याची खोली सोडवून आईला आम्ही इकडे सेक्टरमध्ये आमच्या घरी आणलं तेव्हा तो तसाच गाठोड्यासकट आला. टाकून द्यायचा म्हणून खाली घेतला, तर तुमची नात मध्ये पडली. तिच्या ऑफिसात हल्ली असले जुने, वजनदार, खाडखाड वाजणारे कीबोर्ड पोरं हौसेने वापरतात म्हणे. "मम्मी, वेडी आहेस का? हे आता मिळत नाही कुठे. टेन्शन नको घेऊ, मी करते नीट," म्हणाली आणि नेहमीप्रमाणे काम माझ्या गळ्यात घालून ऑफिसला निघून गेली. स्पेसची लांब पट्टी उंदरांनी कुरतडली होती, एंटरची टोपी तुटली होती आणि एस्केपची तर जागाच रिकामी होती, नुसता दांडा वर आलेला. महाप्याच्या ऑफिसात आपण सगळे बटणांच्या त्या प्लास्टिकच्या कवचांना टोप्याच म्हणायचो. नात त्यांना कीकॅप म्हणते.

तर मी, वयाच्या पन्नाशीत, तीन टोप्या शोधत महिनाभर फिरले. आधी महाप्याला गेले, तुमच्याच त्या औद्योगिक वसाहतीत. आपल्या ऑफिसच्या मागच्या गल्लीत आता भंगार कॉम्प्युटरचं गोदाम आहे. तिथल्या माणसाने कीबोर्डांनी भरलेलं पोतं माझ्यासमोर ओतलं आणि म्हणाला, "देखो ताई, जो बैठेगा ले जाओ." एकही बसली नाही. काहींची खाच चौकोनी, काहींची पातळ पट्टीसारखी, आणि तुमच्या कीबोर्डाचे दांडे अधिकच्या खुणेसारखे. मग ऑनलाइन मागवल्या. त्या दांड्यावर बसल्या, पण इतक्या बुटक्या की दात पडलेल्या तोंडासारखं दिसायला लागलं. परत पाठवल्या. खरं सांगायचं तर यात कुठे तुमच्याबद्दल माया वगैरे नव्हती. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायचं नाही हे तुम्ही अंगात भिनवलंत, एवढंच. चांगल्या सवयी लावण्यात तुमचा हात कुणी धरला नसता.

त्या ऑफिसाबद्दल मी तुमच्याशी पुन्हा कधी बोलले नाही. तुम्हीही नाही. आज बोलते. तुम्ही कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कारकून होतात. तिथून ओळखीने महाप्याला डेटा एन्ट्रीच्या ऑफिसात सुपरवायझर झालात, आणि एकोणिसाव्या वर्षी मला तिथे चिकटवलंत. परदेशातल्या विमा कंपनीचे फॉर्म यायचे, हाताने भरलेले. ते वाचून आम्ही पोरी कॉम्प्युटरमध्ये भरायचो. मी बटणांकडे न बघता भरायला शिकले होते, डोळे कागदावर आणि बोटं आपली आपण चालायची. आकडे उजवीकडच्या नंबरपॅडवरूनच मारायचे, वरच्या ओळीत शोधत बसायचं नाही, असं तुम्ही बजावलेलं. तुम्ही स्वतः मात्र एका बोटाने टाइप करायचात. डोळे कागदावरून बटणांवर आणि बटणांवरून कागदावर. स्क्रीनकडे मान वर करून बघायची तुम्हाला कधीच सवय लागली नाही. आणि तपासणी तुमच्याकडे होती. प्रत्येकीचे थोडे फॉर्म उचलून तुम्ही स्वतः पुन्हा भरायचात, मग मशीन दोन्ही ताडून बघायचं. जिथे तुमचं आणि आमचं जुळायचं नाही तिथे चूक आमची. असा तिथला कायदा होता, आणि तो कुणाला वावगा वाटत नव्हता, मलासुद्धा.

खंडेनवमी आली. कळंबोलीत तुम्ही वजनकाट्याची पूजा करायचात, ती रीत तुम्ही महाप्याला आणलीत. इथे काटा नाही तर कीबोर्ड. नुसतं हळदकुंकू लावून भागत नाही, हत्यार आधी स्वच्छ धुतलं पाहिजे, म्हणालात. मग सगळ्यांनी टोप्या उपटल्या. साबणाच्या पाण्याच्या बादल्या, गच्चीवर पसरलेली वर्तमानपत्रं, त्यावर वाळत घातलेल्या शेकडो टोप्या, वडे-सांडगे घालावेत तशा. आम्ही पोरी हसतोय, एकमेकींच्या टोप्या पळवतोय, तुम्ही दमात घेताय. तुमच्या टोप्यांना तुम्ही कुणाला हात लावू दिला नाहीत. साहेब पूजेला वेळेआधी आले आणि तुमची धांदल उडाली, एवढं मला आठवतं. केबिनच्या काचेतून दिसत होतं, वर्तमानपत्राच्या पुडीतून एकेक टोपी काढून तुम्ही भराभरा अंगठ्याने दाबत होतात. मग प्रत्येक कीबोर्डवर झेंडूचं एकेक फूल ठेवलं गेलं. पेढे वाटले. त्या दिवशी मी तुमच्याकडे बघत होते, आणि हा माणूस माझा बाप आहे याचा मला अभिमान वाटत होता. हे लिहिताना आज हात आखडतोय, पण वाटत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब चार पोरींना कायम करणार होते आणि माझं नाव त्या चारांत होतं. घरच्या माणसाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून तुम्ही सकाळी सर्वांत आधी माझे फॉर्म तपासायला घेतलेत. कागद निघाला तो चुकांनी भरलेला. जिथे मी सहा भरले होते तिथे तुमचे नऊ, जिथे माझे नऊ तिथे तुमचे सहा. लोकांची जन्मसालं, फोन नंबर, सगळं. तुम्ही केबिनच्या दारात उभे राहिलात आणि सगळ्यांसमोर ओरडलात, "सहा आन् नऊ कळंना व्हय गं तुला? डोळं कुठं असत्यात तुझं?" मी म्हणाले, "आबा, एकदा मूळ फॉर्म बघा ना." तुम्ही म्हणालात, "फॉर्म बघूनच भरलंय म्या. मला शिकवतीस?" साहेब मागे उभे होते. त्यांच्याकडे वळून तुम्ही म्हणालात, हिला नको. मग माझ्याकडे न बघता, "उद्यापासनं येऊ नगंस." मी डबा उचलला आणि दुपारच्या उन्हात महाप्याहून घणसोलीपर्यंत चालत आले. आई ओट्याशी भाकऱ्या थापत होती. मी सांगितलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि एवढंच म्हणाली, "त्यांच्या म्होरं काय बोलू नगंस आता."

नोकरी गेली त्याचं मी इतकं मनाला लावून घेतलं नाही, आबा. नोकऱ्या जातात. पण तुम्ही माझ्या बोटांवरचा माझा विश्वास काढून घेतलात. मला खात्री होती की मी बरोबर भरलंय, आणि तुम्ही सांगितलंत की नाही. तुम्ही चुकणं शक्यच नव्हतं, म्हणजे माझी खात्रीच खोटी. तेव्हापासून मी गॅसचा नंबर तीनदा वाचते. बँकेच्या फॉर्मवर सहा लिहिला की बोट ठेवून बघते. मोबाइलवर आलेला ओटीपी लेकीकडून वाचून घेते आणि ती वैतागते. एका सोसायटीच्या ऑफिसात मला हिशेबाची नोकरी मिळत होती, मी नाही म्हणाले. घरात सगळ्यांना वाटतं हा माझा स्वभाव आहे.

आता पनवेलचे ते गृहस्थ. बंद पडलेले कीबोर्ड विकत घेऊन सुट्ट्या टोप्या विकतात, निवृत्तीनंतरचा त्यांचा उद्योग. लेकीने त्यांचा नंबर दिला. त्यांनी सगळ्या बाजूंनी फोटो मागवले, मी पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "मॅडम, तिन्ही टोप्या आहेत माझ्याकडे, याच कंपनीच्या. पण एक बोलू का? तुमच्या नंबरपॅडवर सहा आणि नऊची अदलाबदल झालीये. बाजूच्या फोटोत बघा, प्रत्येक ओळीच्या टोपीचा उतार वेगळा असतो, या दोन त्या उतारात बसत नाहीत. धुऊन घाईत लावल्या असणार कोणीतरी. दोन मिनिटांचं काम आहे, बदलून टाका." मी फोन ठेवला आणि कीबोर्ड खिडकीपाशी नेला. तीन-सहा-नऊ अशी चढायला हवी तिथे तीन, नऊ, सहा.

आधी मला रडू आलं नाही, हसू आलं. एवढंच होतं तर! सहाच्या जागी नऊ आणि नऊच्या जागी सहा, घाईत कुणाचाही गोंधळ होईल. तुमचाही झाला. तुम्ही नऊ बघून नऊ दाबत होतात आणि आत सहा जात होते. माणूस चुकतो, त्याचं काय. मी तुम्हाला त्याच क्षणी माफ करून टाकलं होतं, खरंच. खिडकीतल्या खुर्चीवर बसून, अगदी मोठ्या मनाने.

मग माझी नजर वरच्या ओळीवर गेली. एक ते शून्य, सगळे आकडे पुसलेले, टोप्या घासून तुळतुळीत. आणि उजवीकडचा नंबरपॅड कोरा करकरीत. कीबोर्ड त्याच वर्षी आले होते, त्या दसऱ्यानंतर अकरा वर्षं तुम्ही तो वापरलात आणि मग घरी आणलात. अकरा वर्षं तुम्ही आकडे वरच्या ओळीतून मारलेत. ज्याबद्दल आम्हाला बोलणी बसायची, तेच. का, आबा? नंबरपॅड खोटं बोलतो हे माहीत असल्याशिवाय माणूस असं कशाला करेल?

मग बाकीचंही सगळं जागच्या जागी बसलं. माझ्या शेजारी बसणारी गावातली मैत्रीण, तिने मला महिन्याभरात सांगितलं होतं, "आबांनी दुसरेच दिवशी तपासनी सोरली गो. आता मीच बघतंय." दुसऱ्याच दिवशी. म्हणजे दुसरीचे फॉर्म घेतलेत, तिच्यातही तेच सहा-नऊ निघाले, आणि तुमच्या लक्षात आलं. पुढच्या खंडेनवमीला टोप्या काढायच्या नाहीत, नुसतं फडक्याने पुसायचं, असा तुम्ही हुकूम काढल्याचंही तीच म्हणाली होती. मी वेडी. मला वाटायचं, मला काढल्याचं तुम्हाला इतकं लागलं की तपासणीवरून तुमचं मनच उडालं. या एका समजुतीवर मी इतकी वर्षं काढली. सासरी कुणी तुमच्याबद्दल वेडंवाकडं बोललं तर मी भांडायचे, मनाने फार हळवे आहेत आमचे आबा, म्हणून. दिवाळीला तुम्ही माझ्यासाठी घड्याळ आणलंत, काही न बोलता माझ्या पुढ्यात ठेवलंत आणि बाहेर निघून गेलात. मी ते माया म्हणून हाताला बांधलं.

दोन टोप्या तुम्हाला का बदलता आल्या नाहीत तेही मला कळतं. काचेची केबिन. टोप्या उपटताना चार पोरींनी बघितलं असतं. त्यापेक्षा मुलगी घरी बसलेली परवडली. बरं, मग तो घरी आणल्यावर तरी? आपल्या खोलीत कुणाची काच होती? तुमची नात वाचेल तर म्हणेल, आजोबांनी तुझ्यासाठी खूण ठेवली असेल, कधीतरी तुला कळावं म्हणून. तिचं वय तसं आहे. मी नाही म्हणणार. तुम्ही काही ठेवलं नाहीत. तुमच्याच्याने मला एक वाक्य बोलवलं नाही, बस. शेवटच्या आजारपणात मी तुम्हाला चमच्याने पेज भरवत होते, आठ दिवस, आपण दोघंच घरात असायचो. तेव्हाही नाही.

काल पार्सल आलं. पनवेलच्या गृहस्थांनी टोप्या ओढायचा तारेचा चिमटा फुकट घातलाय. मी स्पेस, एंटर, एस्केप बसवले, अगदी चपखल बसले. मग चिमटा सहावर लावला. तेवढ्यात तुमची नात ऑफिसातून आली, बॅग टाकून माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागली. आजोबांचा कीबोर्ड, त्यांचं भारी कौतुक तिला, फोटोतल्या आजोबांचं. तिच्याही लक्षात आलं. "ए मम्मी, हे सहा-नऊ उलटे कोणी लावले गं?"

काय काय सांगता आलं असतं मला. सगळं ओठांवर होतं, पाठ केल्यासारखं. ती बघत होती माझ्याकडे, आणि मी म्हणाले, "मीच. धुताना चुकले असेन."

तुम्हाला वाचवायला म्हणून मी बोलले नाही, आबा. तसं असतं तर मला बरं वाटलं असतं. विचार करायच्या आत ते तोंडून निघून गेलं होतं, आणि निघाल्यावर क्षणभर मला ते खरंही वाटलं.