उशाशी गुणगुणणारा डबा

दिनांक ११ नोव्हेंबर

चि. धाकोबास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तू आता विभागप्रमुख झाल्यामुळे त्यात एक नमस्कारही मिसळला आहे, तो वेगळा करून घेणे.

पाकीट पाहून दचकू नकोस, आई आहे तशीच आहे. मोबाइलवर तू सदैव मीटिंगमध्ये, आणि घरच्या डब्यावरून, म्हणजे तुझ्या त्या संगणकावरून, बोलायचं तर तुझा आवाज थेट तिच्या उशाशी येतो. तिच्यासमोर बोलण्यासारखं हे नाही, म्हणून पोस्टाला त्रास देते आहे.

आधी बातम्या. नव्या मुख्याध्यापकांना संस्कृतचे तास कमी करून उपयोगी विषय वाढवायचे आहेत. म्हटलं, "करा, मीही निरुपयोगी होण्याच्या बेतात आहेच." शिंपीणकाकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता स्वतःचीच शिवण स्पष्ट दिसते म्हणून खट्टू आहेत.

बाकी तुझा डबा.

तुझ्या कंपनीचा तो चपटा संगणक तू स्वतः स्क्रू पिळून आईच्या उशाशी लाकडी फळीवर बसवलास, तेव्हापासून ती आल्यागेल्याला सांगते, "मुलानेच केलाय हो." तू म्हणाला होतास, "आई, मी नाही, कंपनीने केलाय." ती म्हणाली, "तेच ते."

उन्हाळ्यात तो तापायचा आणि बंद पडायचा. तुझा फोन चालू असताना बंद पडला की ती दिवसभर गप्प. बंद पडण्याची तक्रार मीच केली. मग तू आनंदाने कळवलंस, "ताई, नवीन अपडेट टाकलंय, आमच्याच विभागाचं. आता बंद पडणार नाही." खरंच पडत नाही. पण तापणं तेवढंच आहे. पूर्वी बिचाऱ्याला सोसेनासं झालं की मूर्च्छा यायची. मूर्च्छा ही देहाची स्वतःवरची दया असते. तुम्ही दया तेवढी काढून घेतलीत.

फळी खालून तपकिरी झाली आहे. वायरचं प्लास्टिक बोटाने दाबलं की दबतं. सेवाकेंद्रातल्या मुलीने विचारलं, "धूर येतो का मॅडम?" मी म्हटलं, "नाही." "मग तक्रार नोंदवता येणार नाही." धुरावरून अग्नीचं अनुमान करावं, हे मी इतकी वर्षं शिकवत आले. तुमच्याकडे अनुमानाला जागाच नाही, धूर प्रत्यक्ष दाखवावा लागतो.

जबाबदारीची गंमत ऐक. प्रोसेसरवाले म्हणतात, डब्यात हवा खेळत नाही. डबेवाले, म्हणजे तुम्ही, म्हणता, खोलीत हवा खेळत नाही. खोली आईची. खोकल्यामुळे तिची खिडकी बंद असते. थोडक्यात, पलंगावरून उठता न येणारी एक बाई तुमचा प्रोसेसर तापवते आहे.

बंद का करत नाहीस, असं विचारशील. केला होता. ती झोपलेली असताना प्लग काढला. गुणगुण थांबल्याबरोबर तिने डोळे उघडले. "त्याचा फोन येईल. लाव."

"आई, फार तापलाय गं."

"तो म्हणालाय ना, बंद पडणार नाही? मग तू कोण बंद करणारी? डबा बंद, तर माझं जेवणही बंद."

त्या दिवशी दोन्ही वेळा जेवली नाही. तिसऱ्या जेवणाच्या वेळी मी प्लग लावला. फळी काढू म्हटलं तर म्हणाली, "त्याने लावलेली आहे." थंडी सुरू झाल्यापासून आखडलेली बोटं त्या डब्याशी धरून पडते आणि म्हणते, "बघ, पोराने ऊब पाठवली." मी शाळेत जाते तेव्हा घरात ती, बंद खिडकी आणि ती ऊब, एवढीच असतात. तासाला मुलं काय म्हणतात, मला ऐकू येत नाही. नाक आपलं वास शोधत असतं.

आता जे लिहायला बसले ते. चार वाक्यांचं काम होतं, शिंपीणकाकूंना उगाच मध्ये आणलं.

मार्चमध्ये आईला एका रात्रीपुरतं शेजारणीवर सोपवून तुझ्याकडे आले होते ना, तेव्हा पाहिलं. तुझ्या मुलीच्या खोलीत दुसऱ्याच कंपनीचा संगणक आहे. तुमचा डबा स्वयंपाकघराच्या बाहेर, उघड्या गच्चीच्या दारात, फरशीच्या तुकड्यावर. झोपायच्या आधी तुझ्या बायकोने त्याचा प्लग काढला. मी विचारलं, "रोज काढतेस?" ती म्हणाली, "ह्यांनी सांगितलंय, न विसरता काढ म्हणून." तू समोरच होतास. तू पाणी प्यायला उठलास.

तेव्हा वाटलं, वीज वाचवत असशील. आपल्या माणसाबद्दल मन सोयीचं तेवढंच अनुमान काढतं.

तुला नोकरी सोड म्हणत नाही, कंपनीविरुद्ध उभा राहा असंही नाही, निदान या पत्रात तरी. तुझ्या घरात जे सांगितलंस तेच एकदा आईला सांग. माझं ती ऐकणार नाही, मी नुसती शिकवणारी. तू केलेला आहेस ना तो डबा. फोन कर आणि तुझ्या तोंडाने म्हण, "आई, ताईला तो काढू दे." तू उशीर केलास तर मी पुन्हा प्लग काढीन आणि ती पुन्हा उपाशी राहील. तिच्यात दोन दिवसांपेक्षा जास्त उपास उरलेला नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे.

हे पत्र तिच्या खोलीत बसून लिहिते आहे. डावा हात डब्यावर ठेवला होता. मघाशी उचलावा लागला. तिची बोटं अजून तिथेच आहेत.

तुझ्या फोनची वाट पाहणाऱ्या दोघींपैकी, जागी असलेली,

ताई