माझ्या नावाची मोकळी जागा

प्रिय एडविन,

काल टेकडीवरच्या दफनभूमीत जाऊन तुझ्या आईचं स्मारक पाहिलं. छातीच्या दुखण्याने मी अंथरुणात होतो, म्हणून काम तुझ्यावर सोपवलं होतं. खर्चात तू कसूर केली नाहीस. इटलीचा संगमरवर, मान झुकवलेला देवदूत, दगडी वस्त्राने झाकलेला कलश, खाली उलट्या धरलेल्या मशाली. ब्रॅडफर्डच्या धुरात दोन हिवाळ्यांत तो देवदूत कोळसेवाल्यासारखा दिसेल, ते असो.

मी मागच्या बाकावर टेकलो होतो. शाली पांघरलेल्या दोन गिरणीतल्या बायका आल्या. देवदूतालाच तुझी आई समजून एक म्हणाली, "मार्था माझ्या शेजारच्या मागावर असायची गं. तिची बोटं कधी अशी लांबसडक होती?" दुसरी म्हणाली, "पैसा आला की मेल्यावरसुद्धा वाढतात." मला हसू फुटलं. मग पहिलीने कोरलेली अक्षरं बोटाने चाचपली आणि विचारलं, "आणि लिडी कुठाय?" माझं हसू तिथेच जिरलं.

लिडी तुझ्याआधीची आमची लेक. आम्ही तळघरात राहायचो तेव्हा तापाने गेली. उताराच्या तळाशी, गरिबांच्या सामाईक खड्ड्यात, अनोळखी पेट्यांवर तिची पेटी ठेवली. वर दगड नाही. चॅपलमधली प्रार्थना सुटली की तुझी आई त्या गवतात अंदाजाने उभी राहायची. शेवटी तिने तुझा हात धरून एकच मागितलं, की माझ्या दगडावर लिडीचं नाव हवं. तू हो म्हणालास. मी तिथेच होतो.

पाथरवटाला गाठलं. तो म्हणाला, नाव तुमच्या मुलानेच वगळायला सांगितलं. पोर कुठे पुरलीय असं लोक विचारतील म्हणून. अरे, लाज कुणाची वाटली तुला? लिडी गेली आणि अंगावरचं दूध आटायच्या आत तुझी आई मागावर परतली. त्याच मागावर तुझी शाळा विणली गेली, आणि हे लिहू नकोस असं सांगणारी तुझी ऐटसुद्धा.

हे पत्र एवढ्यासाठीच. आईच्या नावाखाली माझ्याकरता तू गुळगुळीत जागा सोडली होतीस. आज सकाळी तिथे लिडीचं नाव कोरून घेतलं, काजळी बसली तरी वाचता येईल इतकं खोल. आता त्या दगडावर मला जागा नाही. मला खाली, तिच्या गवतात ठेवायचं; पाळकांना तसं सांगून ठेवलंय. रविवारी अनावरणाला तुझे बडे पाहुणे येतील. म्हातारा कुठे निजणार असं त्यांनी विचारलं, तर त्यांना उतारावरून खाली घेऊन ये. बूट चिखलाने भरतील, भरू देत.

तुझाच बाप,
जाबेझ सग्डेन