सात नंबरची काच

प्रिय खडू,

तुझं चार ओळींचं पत्र येऊन महिना झाला. इतक्या वेळा उघडलं आणि मिटलं, की घडीवर कागद फाटायला आलाय. उत्तर लिहायला बसलो की नेमकं काहीतरी आठवायचं. कुंड्यांना पाणी राहिलं, दूध उतू जाईल. आता घरात दूध येतंच कुठे उतू जायला! तुझी आई गेल्यापासून मी कोरा चहा पितो. तिचा चष्मा अजून खिडकीतच आहे, काड्या उघड्या टाकलेला, वाचता वाचता कुणी दार उघडायला उठावं तसा. इस्पितळात घालायचे तिचे पांढरे बूट दाराशी आहेत. दुसरा जोड तिच्या पायात होता.

तू लिहिलंस, 'आबा, आमचे सोळा रणगाडे त्या पुलावरून गेले. तिसरा मी चालवत होतो. एकोणिसाव्या दिवशी पूल पडला आणि आई बसमध्ये होती. मला गणित येतं. मी घरी येणार नाही.' आईला पोचवायलाही तू आला नाहीस. लोक काय काय बोलले. मी म्हटलं, रजा मिळाली नाही. सैन्याचं नाव घेतलं की लोक पुढचं विचारत नाहीत, हा एक फायदा.

तुला खडू हे नाव मी ठेवलं, ते आठवतं का? दर सोमवारी सकाळी मी पुलाखाली भेगा तपासायला उतरायचो आणि तू खडूचा तुकडा मुठीत धरून मागे. भेगेचं टोक जिथे संपे तिथे तू रेघ मारायचास, आणि उरलेला खडू खाऊन टाकायचास. आई ओरडायची, 'बाबा, याच्या पोटात आता फळा उगवेल!' वर गाड्यांचा गडगडाट, खाली नदीचा थंड वास, खांबावर पाण्याची हलती जाळी. मला तेव्हा वाटायचं, जगात याहून चांगली नोकरी नाही.

काचपट्टीचं काम तुला पहिल्यांदा समजावलं तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. बोटभर रुंद काच, भेगेवर आडवी ठेवायची, दोन्ही टोकं सिमेंटने पक्की करायची. काच वाकत नाही, ताणत नाही, कुणाची भीडभाड ठेवत नाही. भेग केसाएवढी सरकली तरी ती तडकते. तडकली की आधी लाल निशाण लावून पूल बंद करायचा, कागद मागाहून. तेवढा अधिकार आमच्यासारख्या तपासनिसालाही असतो. खरं तर तेवढाच असतो. आमच्या शाळेच्या पुस्तकात नदीवर कविता होती, नावेवर होती, वीरांवर आणि तलवारीवर तर ढीगभर. गुरुजी टेबलावर पट्टी आपटून ठेका धरायचे आणि आम्ही बाकांवरच लढाया जिंकायचो. डागडुजीवर मात्र एकही कविता नव्हती. म्हणून तुझ्यासाठी मीच दोन ओळी जुळवल्या:

काच अखंड, निजा निवांत;
काच तडकली, करा आकांत.

तू त्या पुलाखाली ओरडायचास आणि पूल 'आकांत, आकांत' म्हणत राहायचा. किती हसायचो आपण.

मी निवृत्त झालो त्याला अकरा वर्षं झाली. माझी जागा भरली नाही. म्हणाले, तात्पुरतं तुम्हीच बघत चला. ते तात्पुरतं अजून चालू होतं. तिसऱ्या खांबाच्या माथ्याशी मोठी भेग होती, तिच्यावर सात नंबरची काच. खांबावर जिथे तुळई टेकते तिथल्या पोलादी बैठका गंजून गोठल्या होत्या. दरवर्षी मी दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवायचो आणि दरवर्षी तो परत यायचा, वर एकच शिक्का: 'निधी संरक्षण कामी वळवला.' असे नऊ कागद आहेत माझ्याकडे. शेवटच्या वर्षी मी स्वतः मुख्य कचेरीत गेलो. साहेब भला माणूस, मला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, 'काका, सीमेवर काय चाललंय बघताय ना? पूल काय कुठे पळून जातोय?' भिंतीवर त्याच्या मागे नव्या रणगाड्याचं रंगीत चित्र होतं. मी ते बघत बसलो. खोटं कशाला सांगू, चित्र सुंदर होतं आणि माझा नातू तसलाच रणगाडा चालवणार होता. भांडायला गेलेला मी, त्याला तुझा फोटो दाखवून परत आलो.

परवा केस कापायला गेलो तर दुकानात तीच चर्चा. एक म्हणे रणगाड्यांनी पूल मोडला, दुसरा म्हणे सैन्याला नावं ठेवशील तर जीभ हासडीन. न्हावी माझ्या मानेवर वस्तरा धरून म्हणाला, 'आबा, रणगाड्याशेजारी उभं राहून फोटो काढता येतो. भेगेत भरलेल्या सिमेंटशेजारी कोण काढणार? मग पैसा कुठे जाणार, सांगा!' सगळे हसले. मीही हसलो असेन. मग कुणाला तरी आठवलं मी कोण ते. न्हाव्याने पैसे घेतले नाहीत.

आता तुमचा ताफा आला त्या दिवसाचं लिहितो. तीन आठवडे आधी कळलं होतं की तुमची पलटण सरावाला जाताना गावातून जाणार. पूल बंद असेल तर लांबच्या वळणाने, गावाला न शिवता. तुझ्या आईने पाळी बदलून घेतली. पुलाच्या अलीकडच्या टोकाला इस्पितळाच्या कपड्यांतच उभी होती, हातात तुझ्यासाठी डबा. डबा देता येणार नाही हे तिलाही माहीत होतं. तू झाकणातून डोकं बाहेर काढलंस, तोंडभर धूळ, आणि आम्हाला बघून सलाम ठोकलास. दोन वर्षांनी बघत होतो तुला. ती म्हणाली, 'बाबा, वाळलाय हो.' आणि दिवसभर तेवढंच म्हणत राहिली. तू पुलाकडे बघितलं नसशील. चालकाने बघायचं नसतं. त्याने निशाणवाल्याकडे बघायचं. निशाणवाला कोण होता, आठव. हिरवं निशाण माझ्या हातात होतं, खडू.

ताफ्याच्या आधीच्या सोमवारी मी खाली उतरलो तेव्हा सात नंबरची काच तडकलेली होती. मधोमध, स्वच्छ. त्या वर्षातली ती पाचवी. आधीच्या चार वेळा मी नियमाप्रमाणे पूल बंद केला होता. चारही वेळा दोन तासांत फोन आला, 'काच बदला, रस्ता सोडा.' चौथ्या वेळी तर पलीकडून कुणीतरी हसून म्हणालं, 'आजोबा, जरा चांगल्या दुकानातून काच घ्या.' ही माझी सबब नाही. पाचव्यांदा कुणाचा फोन आलाच नाही, कारण मी कळवलंच नाही. भेगेसमोर उभा राहून मी एवढाच विचार केला, की आज लाल निशाण लावलं तर पोरगा वळणाने जाईल.

घरी येऊन नवी पट्टी कापली. माझा हात थरथरतो म्हणून पट्ट्यांवर नंबर आणि तारीख तुझी आईच लिहायची, औषधाच्या बाटलीवर लिहावं तशा बारीक अक्षरात. जेवणाच्या टेबलाशी बसून तिने ती लिहिली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. 'परत तडकली, बाबा?' मी म्हटलं, 'छे गं, पोरांनी दगड मारला.' तिने विश्वास ठेवला. माझ्यावर विश्वास ठेवून ती ताफ्यानंतरही एकोणीस दिवस सकाळची सात वीसची बस पकडत राहिली. तुळई उतरली ती तिसऱ्या खांबावरूनच. अकरा माणसं.

तुझ्या रणगाड्याने काहीच केलं नाही, असं मी लिहिणार नाही. दगड मारणाऱ्या पोरांनंतर आता खोटं पुरे. पण तू गणित मांडलंस त्यात एक आकडा कमी होता, तो हा. पूल तुझ्या आधी तडकला होता, ते एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याने तुला हात दाखवून बोलावलं.

हे पत्र का लिहितो ते सांगतो. येत्या सोमवारी चौकशी समिती बसणार आहे, मी जबानी देणार आहे. एक थरथरता म्हातारा सापडला म्हणजे सगळ्यांचीच सुटका होईल, शिक्के मारणाऱ्यांची आधी. ती होऊ नये म्हणून मला तू हवास. माझ्या नऊ कागदांच्या त्यांच्याकडच्या प्रती कपाटांत कशा गडप झाल्या ते मी बघितलंय, म्हणून सगळा पुरावा एका हाती देणार नाही. तडकलेली काच मी फेकली नव्हती. चाळीस वर्षांची सवय. लपवायला निघालेल्या माणसानेही तिच्यावर तडकल्याची तारीख घातलीच. तिचे दोन तुकडे आहेत. एकावर तुझ्या आईच्या अक्षरात 'सात', आणि बसवल्याची तारीख. तो माझ्याकडे ठेवलाय, तेवढा लोभ आहे अजून. दुसऱ्यावर माझ्या वाकड्या अक्षरात तडकल्याची तारीख, तुमच्या ताफ्याच्या सहा दिवस आधीची. तो कापसात गुंडाळून या पाकिटात घातलाय, बोट सांभाळ. दोन्ही कडा जुळवल्या की त्यांच्यामध्ये केसही जात नाही. समितीच्या टेबलावर त्या तू जुळव आणि ते नऊ कागद मोठ्याने वाच, शिक्क्यांसकट. मला क्षमा करायला येऊ नकोस. त्या दोन ओळींतली दुसरी मला जमली नाही, ती पुरी करायला ये.

तुझाच,
हिरवं निशाण दाखवलेला
आबा