पंपाचा पडदा

नगरा, झाशी
८ एप्रिल १९७२

पोचलो! ट्रक-मजूर सहकारी संघाची माणसं स्टेशनवर हार घेऊन हजर. साताऱ्याहून मी हारतुऱ्यांसाठी आलेलो नाही, असं फलाटावरच ठणकावलं. मग हार तसाच गळ्यात घालून मिरवलो. संघाचा मंत्री, म्हणजे आपल्याकडचा चिटणीस, म्हणून राहायची सोय नारायणरावांकडे, संघाच्या कचेरीशेजारीच. ते रेल्वेतले निवृत्त गार्ड, घराणं तीन पिढ्या इथलंच. शकुंतलाबाईंची मराठी ऐकत राहावी अशी: "बसा तो सही जी, चाय होतेच आहे." नारायणरावांनी एक ताकीद दिली. आपलं 'चालेल' इथं 'चलेगा' करून वापरू नका. आपल्याला म्हणायचं असतं 'हरकत नाही', आणि इथला माणूस उठून चालू लागतो. पोट धरून हसलो.

१५ एप्रिल

संघाकडे ट्रक एकच, लष्कराच्या लिलावातला. पण मजुरांच्या मालकीचा! बुंदेलखंडात अशी गोष्ट पुन्हा दाखवा. ड्रायव्हर परमलाल रोज सकाळी बॉनेट उघडून पंपाचा छोटा दांडा हातानं वरखाली करतो, तेव्हा कुठं डिझेल इंजिनात चढतं. माझं कालचं भाषण ऐकून म्हणाला, "मंत्रीजी, इत्तो तो हमाओ हॉर्न नईं बजत." मग स्वतःच लाजला.

२४ एप्रिल

सळई घालून पाहिलं, तर इंजिनातलं तेल घटायच्या जागी वाढलेलं. मी टाळी वाजवली: आपली गाडी तेल पीत नाही, देते! नीलकंठ मिस्तरी हसला नाही. हा इथंच जन्मलेला मराठी माणूस. मराठी समजते, बोलतो हिंदीत. म्हणाला, पंपातला रबरी पडदा फाटलाय, डिझेल झिरपून तेलात उतरतंय. ते फार चढलं की इंजिन तेच जाळू लागतं. मग डिझेल तोडा, काही करा, थांबत नाही, तुटेपर्यंत पळतं. हवेची नळी बुजवली तरच मरतं. नवा पंप कानपूरहून मागवला आहे.

३० एप्रिल, दुपार

पंप आला. उद्या मे दिनाची सभा. मैदान भरायचं तर एरच गावचे हमाल हवेत, आणि त्यांना आणायला ट्रक एकच. मी भाषण लिहीत होतो. परमलालनं दारातून विचारलं, नीलकंठ जेवून आला की पंप बसवील, तोवर गाडी उभी ठेवू? मी मान वर न करता म्हणालो, "चलेगा."

म्हणजे, राहू दे उभी.

ट्रक गेला.

१ मे

सभा झाली नाही. एरचच्या अलीकडे इंजिन बेफाम झालं. परमलालनं डिझेल तोडलं, तरी ते किंचाळतच राहिलं. बॉनेट उघडून तो हवेच्या नळीत पोतं कोंबत होता, तेवढ्यात इंजिन फुटलं. लोखंड छातीत गेलं.

नारायणरावांना 'चलेगा'ची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, भाषेनं घात केला.

३ मे

भाषेनं नाही.

खिडकी उघडी होती. ट्रक फाटकाकडे वळताना मी पाहिला. परमलाल काय समजला, ते मला तेव्हाच कळलं. फक्त हाक मारायची होती. भोंग्याशिवाय मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा माझा आवाज अंगण ओलांडून गेला नाही. कारण एरचचे हमाल हवे होते. मालकांनी मजूर मारले म्हणून मी गावोगाव गर्जत आलो. आता मीच—

५ मे

सगळे नीलकंठवर तुटून पडलेत. पंप हाताशी असताना गाडी जाऊ कशी दिलीस? तो सांगतो, मी जेवायला गेलो होतो. कोणी ऐकत नाही. संघातून काढणार; इथं मग त्याला कोण काम देईल? परमलालची बायको जानकी आली होती. रडली नाही. त्यांना जाऊ कोणी दिलं, एवढंच विचारलं: "भैया, उनै जान कौन ने दओ?"

माझ्या तोंडाला डिझेलची चव आली. पाणी प्यालो. गेली नाही.

शोकसभेत एकच वाक्य बोलायचं: मी पाहिलं आणि थांबवलं नाही. नारायणरावांनाही तसं सांगून ठेवलंय; तोवर त्यांनी कुणाजवळ बोलू नये.

८ मे

उभा राहिलो. "बंधूंनो" म्हणालो. पुढचे शब्द माझे नव्हते. दलाल, भांडवल, विश्वासघात. आवाज चढत गेला, चढतच गेला. ओठ मिटायचे तर मिटेनात. मी आत ओरडत होतो, ते वाक्य, ते एक वाक्य— आणि माझा हात वर झाला, बोट नीलकंठकडे. लोक उठले. त्याला ओढत बाहेर नेलं. जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मला खाली बसवलं, तरी बोलतच होतो.

१० मे

चहाला तोंड उघडलं की भाषण. झोपेतही, म्हणे. शकुंतलाबाईंनी मधलं दार लावून घेतलं. खोकलो, तर रुमालावर काळं, पातळ. रक्त नव्हे. वास ओळखीचा.

११ मे

तोंड माझं नाही. हात अजून आहे. लिहून जानकीच्या हाती देतो.

जानकीबाई, खिडकी उघडी होती. मी पाहिलं. मी हाक—

हाक द्या, बंधूंनो! गावोगाव हाक—

नाही. हे मी नाही लिहिलं. पुन्हा. परमलालला जाऊ दिलं ते—

ते कोणी? विचारा, कामगारांनो! पंप कुणाच्या हाता—

थांब. थांब ना.

दोषी मी. दोषी मी— दोषी मी सांगतो कोण, बंधूंनो! तो नीलकं—